लहान बॅण्ड घेऊन सीमाभागात फिरायचं तर: नव्या पोरांसाठी सगळं एका जागी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर ह्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या पट्ट्यात हल्ली चार-पाच जणांचे लहान बॅण्ड बरेच निघायलेत, एक गाणारी, एक गिटार, कीबोर्ड, ढोलकी-तबला आणि जमलं तर ऑक्टापॅड. अभंग, भावगीतं, जुनी सिनेमाची गाणी, थोडं फ्यूजन, असं काहीतरी. गावातल्या गावात दोन कार्यक्रम चांगले झाले की बाहेरगावची सुपारी येते आणि तिथनं खरी गंमत चालू होते, कारण वाजवणं दोन तासांचं आणि बाकीचे चौदा तास गाडी, करंट, पोलीस परवानगी, सत्कार आणि पैशात जातात. तेवढ्या चौदा तासांसाठी हे लिहितोय. गाणं कसं बसवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो: एका गाडीत माणसं आणि वाद्यं मावतात तोवरच बॅण्ड पुरतो. सहावा माणूस आणि स्वतःचा साउंड (स्पीकर-मायकचा सेट) आला की हिशेब बसत नाय. आकडे खाली दिलेत.

१) तारखा बघा, आणि कुठल्या तारखा घ्यायच्या नाहीत ते आधी बघा

आपल्याकडं कार्यक्रमांचा मोसम म्हणजे गणपती, नवरात्र, मग तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, आणि पुढं उन्हाळ्यात गावोगावच्या यात्रा. लक्ष्मीच्या यात्रा बऱ्याच गावांत दरवर्षी नसतात, काही वर्षांनी एकदा येतात, त्यामुळं त्या वर्षी गाव हात सैल सोडून खर्च करतं. अशा गावाची यात्रा कधी आहे हे आधी कळलं तर कमिटी बसायच्या आधीच फोन करून ठेवायचा, नंतर ऑर्केस्ट्रावाले पुढं जातात.

कमिटीवाले तारीख तिथीनं सांगतात, "यात्रेच्या दुसऱ्या दिवशी" किंवा "पुनवेच्या आदल्या रात्री". कॅलेंडर काढून इंग्रजी तारीख आणि वार दोन्ही वदवून घ्या. एक बरं आहे की कन्नड आणि मराठी पंचांगात महिना एकच चालतो, उगादी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, त्यामुळं गोकाक-बैलहोंगलकडची सुपारी असली तरी तिथीचा घोळ होत नाय.

टाळायचे दिवस. १ नोव्हेंबरला एकीकडं राज्योत्सवाची (कर्नाटक स्थापनादिनाची) मिरवणूक आणि दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, त्या दिवशी आणि आदल्या संध्याकाळी शहरातनं वाद्यांची गाडी काढायचीच नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन असतं तेव्हा बेळगावात लॉज मिळत नाय, मिळाला तर दर दुप्पट, आणि सगळा बंदोबस्त तिकडं लागलेला असल्यानं परवानगीचा कागद पुढं सरकत नाय. तिसरं म्हणजे बेळगावातली परंपरेची शिवजयंती, ती वैशाखात असते, चित्ररथांची मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. त्या रात्री ढोल-ताशा आणि डीजेच्या मध्ये तुमचं अकॉस्टिक गिटार ऐकायला कुणीही थांबणार नाय, शिवाय गाडी अडकली की सकाळपर्यंत तिथंच. त्यापेक्षा दोन-चार दिवस आधी एखाद्या मंडळाच्या मंडपात कार्यक्रम घ्या, लोक शांत बसून ऐकतात.

२) सुपारी घेताना फोनवर काय विचारायचं

पहिला प्रश्न, बोलतंय कोण? गावात पोरांचं मंडळ वेगळं आणि पंच कमिटी वेगळी. पोरं उत्साहात हो म्हणतात आणि पैसे पंचांच्या हातात असतात. फोन करणारा दादा कितीही गोड बोलला तरी "कमिटीत पैशाचं कोण बघतंय त्यांच्याशी एकदा बोलू देत" म्हणायचं, राग येत नाय कुणाला.

मग हे विचारा: स्टेज उघड्यावर की मंडपात, साउंड कुणाचा, करंट कुठनं घेणार, जनरेटर आहे का, आमच्या आधी आणि नंतर काय आहे, सत्कार किती, जेवण आणि बायकांसाठी खोली व संडासची सोय. शेवटचा प्रश्न लाजून सोडून देतात आणि मग गाणारी मुलगी संध्याकाळी पाचपासून रात्री बारापर्यंत पाणी न पिता बसते. शाळेची खोली किंवा जवळचं एखादं घर, आधी सांगितलं तर गावात आनंदानं देतात. ऐनवेळी कुणाला काही सुचत नाय.

ॲडव्हान्स निम्मा. यूपीआयनं घ्या आणि लगेच व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका: तारीख, वेळ, ठिकाण, एकूण रक्कम, मिळालेली रक्कम, उरलेली रक्कम स्टेजवर चढायच्या आधी, आणि पाऊस किंवा बंदमुळं कार्यक्रम रद्द झाला तर ॲडव्हान्स परत नाही पण वर्षभरात दुसरी तारीख देऊ. समोरच्यानं नुसता अंगठा पाठवला तरी चालतंय, पण तो पाठवला पाहिजे.

कॉलेज किंवा कंपनीचा कार्यक्रम असला तर ते मानधनातनं टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) कापू शकतात, कुणा एकाच्या पॅनवर ते जमा होतं, तर तो रिटर्न भरून परत मिळवणार की नाय हे आपापसांत आधीच ठरवा. हॉटेलात किंवा तिकीट लावून दुसऱ्यांची गाणी वाजवायची असतील तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणारी संस्था) लायसन लागतं, ते आयोजकानं काढायचं, तुम्ही नाही, पण आठवण तुम्ही करून द्या. देवळातल्या पूजेच्या किंवा लग्नाच्या कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे.

३) हिशेब

समजा बेळगावहून निपाणीजवळच्या गावची २५,००० ची सुपारी आहे. क्रूझर, ड्रायव्हर भत्ता आणि टोल मिळून ३,५०० धरा. चहा-नाष्टा १,०००. २,००० बॅण्डच्या डब्यात, म्हणजे तारा, सेल, केबल, पुडी (ढोलकी-तबल्याचं चामडं) बदलायला. उरले १८,५००, पाच जणांत प्रत्येकी ३,७००. ठीक आहे.

आता ह्याच सुपारीत "आपलाच साउंड नेऊया, क्वालिटी राहते" असं कुणीतरी म्हणतो. साउंड भाड्यानं ८,०००, त्याला टेम्पो ३,०००, आणि तो बघायला सहावा माणूस. उरले ७,५००, प्रत्येकी १,२५०. एवढ्यासाठी रात्री तीनला घरी येऊन सकाळी नोकरीवर कोण जाणार? दोन महिन्यांत ढोलकीवाला फोन उचलायचा बंद होतो. साउंड आयोजकाचाच, हे धरून चाला. फक्त दोन मायक, सगळ्या केबल आणि एक लहान मिक्सर आपला ठेवा.

डब्यातल्या पैशाला कुणीही हात लावायचा नाय, उसने म्हणूनसुद्धा नाय.

४) गाडी आणि रस्ते

भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं नेणं बेकायदा आहे, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. राज्य ओलांडायचं असेल तर गाडीला ऑल इंडिया टूरिस्ट परमिट आहे का ते ड्रायव्हरला विचारून फोटो मागवा, "होय हाय की" ह्यावर विश्वास ठेवू नका. निपाणीच्या पुढं कोगनोळीजवळ गाडी थांबवली की कागद बघतात, आणि तासभर तिथं गेला की साउंडचेक गेला.

बेळगावची केए २२ पाटी कोल्हापुरात आणि कोल्हापूरची एमएच ०९ बेळगावात एरवी कुणी बघतसुद्धा नाय, रोज हजारो गाड्या जातात. पण सीमाप्रश्न तापला की चित्र बदलतं. २०२२ च्या डिसेंबरात बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्हीकडच्या बस काही दिवस थांबल्या होत्या. अशा वेळी बसनं येणारा कीबोर्डवाला कोगनोळीला उतरून उभा राहतो आणि पुढं गाडी नसते. म्हणून बॅण्डमधल्या कुणालाही "तू बसनं ये, तिथं भेटू" असं करू नका, आणि आठवडाभर आधीपासून बातम्या बघा. ताण असला तर ज्या राज्यात कार्यक्रम त्या राज्याच्या पाटीची गाडी घ्यायची.

गोव्याकडच्या सुपाऱ्या चांगल्या असतात. उन्हाळ्यात चोर्ला घाट जवळचा, पण पावसाळ्यात धुकं आणि खड्डे दोन्ही, दरड आली तर रस्ता बंद. मग अनमोडकडनं किंवा शिनोळीवरनं आंबोलीमार्गे, वेळ जास्त धरून. येताना गोव्याची बाटली गाडीत नको. कणकुंबीला अबकारी खात्याचा नाका आहे, एकाच्या बॅगेत सापडली तरी सगळी गाडी उतरवतात, पहाटे दोनला रस्त्याच्या कडेला तबल्याच्या पिशवीपासून कीबोर्डच्या खोक्यापर्यंत सगळं उघडून दाखवायचं, केस होते ती वेगळीच.

रेल्वेनं जायचं असेल तर स्लीपरला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं. हातात धरून नेता येतील अशी वाद्यं असतील तर लोंढ्यापासून मिरजेपर्यंत रेल्वे चांगली, पण परतीची गाडी रात्री कितीला आहे ते बघून.

आणि ड्रायव्हर. तुम्ही वाजवत असताना त्याला झोपू द्या, पहिल्या रांगेत बसवून गाणी ऐकवू नका. परतताना एकानं पुढं बसून जागं राहायचं, पाळी लावून.

५) कन्नड आणि मराठी

बॅनरवर बॅण्डचं नाव कन्नडमध्ये वर आणि मोठं, मराठीत खाली. कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांना ६० टक्के कन्नडचा नियम आहे, तुमचा बॅनर त्यात बसतो की नाय ह्यावर स्टेजच्या मागं वाद घालत बसण्यापेक्षा दोन भाषेतला एक बॅनर कायमचा करून ठेवा. महाराष्ट्रातल्या गावांसाठी वेगळा मराठीचा.

गाण्यांच्या यादीत दोन-तीन कन्नड पाहिजेतच, मराठी गावातसुद्धा, कारण बसलेल्यांत पै-पाहुणे दोन्हीकडचे असतात. कन्नड संतकवी पुरंदरदासांचं पद आणि तुकोबांचा अभंग एकामागोमाग घेतला की दोन्ही बाजूचे म्हातारे माना डोलावतात. भीमसेन जोशी गदगचे, त्यांनी संतवाणी (मराठी अभंग) आणि दासवाणी (कन्नड पदं) दोन्ही गायली, आणि कुमार गंधर्वांचा जन्म इथंच बेळगावजवळ सुळेभावीचा, तेव्हा ह्यात आपण काही नवीन करायलोय असंही नाय. फक्त कन्नड शब्द नीट बसवा. देवनागरीत लिहून पाठ केलं तर ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि पुढची रांग हसते, एखाद्या कन्नड मित्राकडनं तोंडी घोटून घ्या.

साउंडवाल्याशी बोलायला एवढं पुरतं: "अण्णा, मॉनिटर स्वल्प जास्ती माडरी", "एको कडमी माडरी", म्हणजे मॉनिटर (आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) थोडा वाढवा, एको कमी करा. कन्नडमधनं मागितलेला मॉनिटर लवकर मिळतो, हा माझा अनुभव.

स्टेजवरनं घोषणा द्यायला लावणारा एखादा असतोच, कुठल्याही बाजूचा. बॅण्डनं घोषणा द्यायच्या नाहीत, टोमणा मारायचा नाय, हे सगळ्यांनी आधी ठरवा. सीमाप्रश्न १९५६ पासून आहे, तुमच्या दोन तासांत सुटत नाय. हसून पुढचं गाणं चालू करायचं.

६) करंट (हे नीट वाचा)

यात्रेतल्या स्टेजला करंट कुठनंही आलेला असतो, कुणाच्या तरी घरातनं, देवळातनं, नाहीतर सरळ खांबावर आकडा टाकून. गेल्या-गेल्या वाद्यं काढू नका. आधी मल्टिमीटर लावा. तीन-चारशे रुपयांना मिळतो, बॅण्डमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. २१० ते २४० व्होल्ट दिसले तर ठीक. १८० दिसले तर कीबोर्ड मध्येच बंद होऊन परत चालू होणार, स्टॅबिलायझर मागा. आणि २६० च्या वर दाखवलं किंवा आकडा वरखाली नाचत असला तर काहीही लावू नका, न्यूट्रल सैल असू शकतो. न्यूट्रल सुटला तर एका फेजच्या लाइनवर चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, ॲडाप्टर, मिक्सर, सगळं जळतं. वायरमनला बोलवा, तो येईपर्यंत चहा प्या.

दुसरं, मायकचा शॉक. गिटारवाल्याचे हात तारांवर आणि ओठ मायकच्या जाळीला लागले की झिणझिण्या येतात, कधी जोरात झटका. गिटारचा ॲम्प स्टेजमागच्या घरातनं घेतलेल्या बोर्डवर आणि साउंडचा मिक्सर समोर जनरेटरवर असं असलं की हे हमखास होतं, दोन्हीची अर्थिंग वेगळी. उपाय सोपा आहे, स्टेजवरची सगळी वाद्यं मिक्सरला जिथनं करंट आहे तिथनंच एक्सटेन्शन ओढून लावायची. त्यासाठी वीस मीटरची जाड वायर आणि तीन पिनी बोर्ड आपला न्या. लावून झालं की एका हातात टेस्टर घेऊन मायकच्या जाळीला लावून बघा, मग गिटारच्या तारेला. दिवा मंद जरी पेटला तरी गाणारीला मायकजवळ सोडायचं नाय. तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन कापलेले ॲडाप्टर काही साउंडवाले सर्रास वापरतात, "गुणगुण येत नाय मग" म्हणून. त्यांना तिथं शिकवत बसू नका, आपला बोर्ड लावा. मायकवर फोमची टोपी घाला, ओठ लोखंडाला लागत नाहीत. ओल्या मातीवर स्टेज असला तर पायाखाली रबरी मॅट किंवा कोरडी फळी घ्या, अनवाणी उभं राहायचं नाय, देवळासमोर असलं तरी.

साउंडचेकला फक्त वीस मिनिटं मिळतील असं धरून क्रम ठरवून ठेवा: आधी आवाज, मग ढोलकी, मग बाकी. मॉनिटर एकच असला तर तो गाणारीसमोर. बाकीच्यांनी ढोलकीवाल्याकडं बघून वाजवायचं.

७) दंव, पाऊस, चामडं

डिसेंबर-जानेवारीत खानापूर, जांबोटी, चंदगडकडं उघड्यावरच्या स्टेजवर नऊनंतर दंव पडतं. साडेसातला सुरात लावलेली ढोलकी साडेनऊला अर्धा सूर उतरलेली असते. आमचा ढोलकीवाला दोन गाण्यांच्या मध्ये पुडी हॅलोजनकडं धरतो, हातभर अंतरावर, आणि मधनंमधनं गालाला लावून बघतो किती गरम झाली ते. गालाला चटका बसायला लागला की लांब घ्यायची, शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) तडा जातो. तबला असेल तर एक जादा, अर्धा सूर वर लावलेला, गोधडीत गुंडाळून ठेवायचा. गिटारवाल्यानंही क्लिप ट्यूनर लावूनच बसायचं.

पावसाळ्यात गणपतीच्या मंडपात गळती ठरलेलीच. प्लॅस्टिकचा कागद प्रत्येक वाद्यापुरता वेगळा कापून ठेवा, एकच मोठा नको, कारण पाऊस आला की जो तो आपल्या वाद्याकडं धावतो.

८) दहाचा काटा

रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा २००० सालापासूनचा देशभराचा नियम. वर्षातले काही ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. तुमचा कार्यक्रम त्या दिवसात आहे का आणि पोलीस परवानगीचा कागद कमिटीकडं आहे का, त्याचा फोटो मागा.

अडचण अशी होते की कार्यक्रम सातचा, मान्यवर आठला, मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, फेटे, देणगीदारांची नावं, आणि तुम्ही स्टेजवर नऊ वाजून दहा मिनिटांनी. दहाला हवालदार उभा. म्हणून गाण्यांच्या दोन याद्या ठेवा, एक दोन तासांची आणि एक पन्नास मिनिटांची, छोट्या यादीत सगळ्यात चांगली गाणी पहिल्या तिघात. कमिटीला आधीच सुचवा की सत्कार मध्यंतरात घेऊया, म्हणजे गर्दी असते आणि पाहुण्यांनाही बरं वाटतं. अर्धी गावं ऐकतात.

फर्माईशीच्या चिठ्ठ्या नोटेसकट येतात. लावणी किंवा नाचाची गाणी तुम्ही घेत नसाल तर ते सुपारी घेतानाच सांगितलेलं असावं, नाहीतर दहा मिनिटांनी तीच चिठ्ठी दोन नोटा वाढवून परत येते आणि मग चिडचिड होते.

जेवण कार्यक्रमाआधी पोटभर नको. यात्रेतलं मटण आणि रस्सा झणझणीत असतो, संकेश्वरी मिरचीचा हात सढळ, गाणाऱ्यानं भात-आमटी खाऊन घ्यावी आणि मटणाचा डबा गाडीत ठेवायला सांगावं. नाही म्हणू नका, वाईट वाटतं त्यांना.

९) पैसे मिळणं, न मिळणं

"स्टेजवर चढायच्या आधी उरलेले" असं ठरलेलं असलं तरी निम्म्या वेळा "कार्यक्रम होऊ दे की ओ, कुठं पळून जातोय" हेच ऐकायला मिळतं. मग बॅण्डमधल्या एकानं, जो शेवटच्या गाण्यात लागत नाय त्यानं, खजिनदाराजवळ जाऊन बसायचं. रात्री साडेअकराला देवळाच्या कट्ट्यावर देणगीच्या दहा-वीसच्या नोटा मोजून गड्ड्या लावत बसलेले पंच, बाजूला वही, आणि त्यातनं तुमचे १२,५०० निघायचेत. घाई करू नका, त्यांच्याबरोबर मोजायला लागा. चिल्लर जास्त असली तर घ्या, किराणा दुकानवाले आनंदानं बदलून देतात.

कमी पडले तर "उद्या पाठवतो" ला हो म्हणा, पण वहीत आकडा लिहून खजिनदाराची सही आणि फोटो. एका गावात असे राहिलेले पैसे आम्हाला पुढच्या वर्षी यात्रेच्या वर्गणीतनं मिळाले, वहीत लिहिलेलं होतं म्हणून. तोंडी राहिलेले एका मंडळाचे अजून यायचेत.

पैसे लगेच गाडीत वाटू नका, सगळे दमलेले असतात आणि शंभर-पन्नासवरनं लागतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर हिशेब टाका: आलेले, गाडी, नाष्टा, डबा, प्रत्येकी. त्याच संध्याकाळी केबल ऊन दाखवून गुंडाळायच्या, प्रत्येकीला मीटर लावून बघायचं, आणि जी वाजत नाय तिला लाल चिकटपट्टी लावून बाजूला टाकायची. नाहीतर पुढच्या गावात तीच केबल पहिल्यांदा हातात येते.